जुन्या कॅम्पर ट्रेलरची गळती : दहा महिन्यांनंतर

सप्टेंबरात मध्यरात्री गादीचा कोपरा ओला लागला, तेव्हाच हे लिहायचं ठरवलं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर फार कडू झालं असतं, आणि निम्मं चुकीचंही.

गाडीमागे ओढत न्यायचा, आत झोपता येईल असा हा ट्रेलर दहा फुटी, एका ॲक्सलचा. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी चौकट आणि प्लाय. फेब्रुवारीत घेतला. खालच्या बाजूबद्दल तक्रार नाही. बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं, कमानपाट्यांचे बुश बदलले. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूवर 3214 छापलेलं, म्हणजे 2014 सालचा बत्तिसावा आठवडा. दोन्ही टायर काढून टाकले. मी पैसा जपून वापरणारा माणूस आहे, पण टायरमध्ये नाही.

छताचं काम शहरातल्या एका वर्कशॉपला दिलं होतं. त्यांनी जोडांतल्या जुन्या वाळक्या मसाल्यावरच, म्हणजे सीलंटवरच, पांढऱ्या सिलिकॉनच्या रेघा ओढल्या. जूनच्या दोन सरींत आत थेंब आला नाही आणि मी राहिलेले पैसे चुकते केले. सोलापूरच्या माणसाने एवढी घाई करायला नको होती. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो. गळती दिसल्यावर फोन केला, तर उत्तर मिळालं, ‘मालक, पाऊस उघडला की बघू.’ पाऊस उघडल्यावर गळती दिसणार कशी? तीन खेपा झाल्या, आवाज चढले. शेवटी ‘छताची गॅरंटी नसते’ म्हणाले.

मग सिलिकॉन मीच खरवडलं. चार दिवस गेले, प्लास्टिकच्या पट्टीने, पत्र्यावर ओरखडा न पाडता. सिलिकॉनवर माझा राग आहे तो इथे. त्याचा अंश राहिला की त्यावर दुसरं सीलंट धरत नाही, रंगालाही डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात. शिवाय पत्रा स्वस्थ बसत नाही. तीन मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा 40 अंशांच्या फरकाने पावणेतीन मिलिमीटर लांबतो, आणि मे महिन्यात पहाटेपासून दुपारपर्यंत छताला एवढा फरक सहज पडतो. रोजच्या या हालचालीत वाळका मसाला सुटला आणि वरचं सिलिकॉन त्याच्यासोबत उचकटलं. ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, पिठाच्या गोळ्यासारखी मऊच राहते, म्हणून जोडाच्या आत ती घातली. बीडिंग, म्हणजे जोड झाकणारी पट्टी, काढायची, टेप लावायची, बीडिंग परत आवळायची, बाहेर आलेला मसाला दुसऱ्या दिवशी कापायचा. वरून नुसती रेघ ओढून भागत नाही.

आणि परतीच्या पावसात तोच कोपरा पुन्हा ओला!

इथे माझं मत बदललं. पाइपने पाणी मारून गळती शोधतात, पण नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना मला ते जमेना. म्हणून उलटं केलं. खिडक्या, झडपा चिकटपट्टीने बंद केल्या, दाराच्या फटीतून एसी साफ करायच्या ब्लोअरने आत हवा भरली आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावलं. अर्धी बादली पुरली. छताच्या जोडांवर एकही बुडबुडा नाही. डावीकडच्या वरच्या लाल दिव्यामागे मात्र फेस आला. दिव्याखालच्या रबराची पूड झाली होती. पाणी वायरच्या भोकातून शिरून लाकडी पट्टीवरून अडीच फूट सरकत गादीपाशी उतरत होतं. ती पट्टी ठोकली तर आवाज भद्द यायचा. कुजलेला तुकडा कापून सातशेदहा मार्काचा, पाण्याला टिकणारा प्लाय बसवला.

वर्कशॉपच्या मिस्त्रींना फोन करून सांगितलं, गळतीचा मोठा भाग तुमचा नव्हता. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘दिवा काढून बघायला पाहिजे होता आम्हीपण.’ त्यांच्यावरचा राग गेला, सिलिकॉनवरचा नाही.

दिवाळीनंतर नळदुर्गला गेलो. तिथला पाणीमहाल बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आहे. वरून धबधबा कोसळत असतो आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. मी तिथे बराच वेळ थांबलो, हिने दोनदा हाक मारली. रात्री मुक्कामाला पाऊस नव्हता, तरी उठून कोपऱ्याला हात लावला. कोरडा होता.

उजव्या बाजूचे दोन दिवे अजून जुन्याच रबरावर आहेत. टेपचं अर्धं भेंडोळं उरलंय, या रविवारी ते दिवे काढतो.