चामड्याची ट्रंक की कॅनव्हासची? गोव्यातल्या घरासाठी

जुनी, उंची ट्रंक घ्यायला निघालात की दोन प्रकार समोर येतात. एक, सगळं अंग जाड चामड्याचं, बहुधा इंग्लिश बनावटीची. दुसरी पॅरिसच्या एखाद्या नामांकित ट्रंक बनवणाऱ्या पेढीची. लुई व्हितॉं किंवा गोयार म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर चामडंच येतं, पण त्यांच्या बहुतेक ट्रंकांवर कॅनव्हास चढवलेला असतो आणि चामडं असतं ते मुठीला, पट्ट्यांना.

माझा जीव चामड्याच्या ट्रंकेवर आहे, हे आधीच सांगून टाकते. झाडाच्या सालीत महिनोन्‌महिने मुरवून कमावलेलं ते चामडं हाताळून हाताळून मधासारखं गडद होत जातं. मुठीजवळची शिवण डोळ्यांजवळ नेऊन बघा. आरीने पाडलेल्या एकेका भोकातून मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याची दोन टोकं, दोन सुयांनी, समोरासमोरून ओवलेली असतात. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनच्या शिवणीचं तसं नाही, ती एका जागी तुटली की पुढचे टाके सैल होत जातात. हाताच्या शिवणीत टाके किंचित तिरपे पडतात, त्यावरून नख फिरवलं की कळतं.

पण आपल्याकडचा पावसाळा! हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ती बहुतेक दिवस त्याहून जास्तच असते. आमच्या फोंड्याच्या घरी काकूंनी मायेने एका ट्रंकेला खोबरेल तेल चोळलं. आषाढात झाकणावर पांढरी लव आली आणि ती पुसली तरी काळे डाग कायमचे राहिले. खाण्याचं तेल चामड्याला कधीही लावू नका.

कॅनव्हासची ट्रंक इथे जास्त टिकते. व्हितॉं यांनी १८५४ मध्ये पॅरिसला दुकान काढलं आणि १८५८ मध्ये सपाट झाकणाची ट्रंक आणली. त्याआधी पाणी ओघळून जावं म्हणून झाकणं घुमटासारखी करत, त्यामुळे ट्रंका एकावर एक रचता येत नसत. पाणी न शिरणारा कॅनव्हास आल्यावर घुमटाची गरजच उरली नाही. आतला सांगाडा हलक्या पॉप्लर लाकडाचा, वरून बीच नावाच्या लाकडाच्या पट्ट्या, कोपऱ्यांना पितळ. त्यांच्या कुलपांचा नंबर गिऱ्हाइकाच्या नावावर नोंदलेला असे, म्हणजे एकाच किल्लीने त्याच्या सगळ्या ट्रंका उघडत. म्हणून आतल्या कागदी लेबलावरचा क्रमांक आणि कुलपावरचा नंबर, दोन्ही असलेली ट्रंक मिळाली तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. कुलूप मागाहून बदललेलं असेल तर मात्र किंमत पाडून मागा.

माझा कौल असा: घर जुनं, चिऱ्याच्या भिंतींचं, पावसाळ्यात बंद राहणारं असेल तर कॅनव्हास. घरात माणसांचा वावर असेल आणि आठवड्यातून एकदा कोरडं फडकं फिरवायची तयारी असेल, तर चामडं बिनदिक्कत घ्या.

चामड्याची निवडताना पांढरा रुमाल सोबत न्या आणि कडेवर हलकेच घासा. लालसर भुकटी निघाली तर चामडं आतून कुजलंय. ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. ट्रंक कितीही देखणी असली तरी उठून या. झाकण उघडून खालच्या कोपऱ्यांत वाळवीची माती आहे का तेही पाहा, दोन्ही प्रकारांत. आणि मुलाकडे परदेशी पाठवायचा बेत असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आठवण ठेवा: शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

घरी आणल्यावर पाटावर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. चिरा ओल ओढतो. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली, ऊन पडू लागलं की झाकण उघडून दोन दिवस सोप्यावर, सावलीत ठेवा.