जुन्या गाडीतील विजेचा पंखा: हाताचा स्विच, थर्मोस्विच की इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर?

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा काढून त्याच्या जागी, किंवा त्याच्या जोडीला, विजेवर चालणारा पंखा बसवायचा ठरला की बहुतेक जण पंख्याचा व्यास आणि पात्यांची संख्या यांतच अडकून पडतात. खरा निर्णय वेगळाच असतो: पंखा कोणी चालू करायचा, गाडी चालवणाऱ्याने, पाण्याच्या तापमानाने की एखाद्या इलेक्ट्रॉनिक डबीने? या तीन पर्यायांची तुलना येथे केली आहे. मात्र रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजल्या असतील किंवा पाण्याचा पंप थकला असेल, तर यांपैकी कोणताही पर्याय गाडी तापण्याचे थांबवणार नाही. वेगात जाताना, म्हणजे समोरून भरपूर वारा मिळत असतानाही तापमानाचा काटा वर चढत असेल, तर दोष पंख्याचा नाही.

पर्याय निवडण्याआधी गाडीत बॅटरी चार्ज करायला जुन्या धाटणीचा डायनॅमो आहे की नंतरचा अल्टरनेटर हे पाहावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये सर्रास आढळणारा ल्युकास सी-४० डायनॅमो पूर्ण वेगात साधारण २२ अँपिअर देतो, आणि इंजिन मंद गतीवर असताना जवळजवळ काहीच देत नाही. पंख्याची गरज मात्र नेमकी तेव्हाच, वाहतुकीत खोळंबून उभे असताना असते. १० अँपिअर घेणारा पंखा पाव तास चालला तर बॅटरीतून अडीच अँपिअर-तास जातात. दिवसा हे चालून जाते. रात्री हेडलाइट आणि इग्निशन यांच्याच वाट्याला बारा-तेरा अँपिअर जात असल्याने डायनॅमोजवळ पंख्यासाठी फारसे उरत नाही आणि बॅटरी हळूहळू उतरत जाते. अल्टरनेटर असलेल्या गाडीत हा प्रश्न बराच सौम्य होतो. डायनॅमोवाल्याने म्हणूनच कमी प्रवाह घेणारा लहान पंखा निवडावा, आणि तो गरजेपुरताच चालेल अशी व्यवस्था करावी.

सर्वांत सोपा पर्याय डॅशबोर्डखालच्या स्विचचा. बॅटरीपासून फ्यूज, तेथून स्विच, तेथून पंखा, एवढीच वायर ओढली की काम झाले असे वाटते, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये ते असेच केलेले आढळते. त्यात दोन दोष आहेत. पहिला असा की संपूर्ण प्रवाह लांबची वाट काढून स्विचमधून जातो. स्विचच्या जुनाट कॉन्टॅक्टमध्ये ०.१ ओहमचा विरोध जरी असला, तरी १० अँपिअरला त्या इवल्याशा जागेत १० वॅट उष्णता निर्माण होते, जी प्लास्टिक मऊ करायला पुरेशी आहे. हा दोष रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, बसवून जातो, कारण मग स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा प्रवाह येतो आणि तो पाव अँपिअरही नसतो. दुसरा दोष रिलेनेही जात नाही: माणूस विसरतो. गप्पांच्या नादात काट्याकडे लक्ष गेले नाही तर पंखा असून नसल्यासारखा. त्यामुळे केवळ हाताच्या स्विचवर विसंबणे मला शर्यतीच्या किंवा क्वचित बाहेर काढायच्या गाडीपलीकडे पटत नाही, आणि तिथेही पंखा चालू असल्याचे दाखवणारा छोटा दिवा हवाच.

दुसरा पर्याय थर्मोस्विचचा. हा रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या आट्यांच्या बुशमध्ये किंवा होज पाइपमध्ये बसवायच्या जोडतुकड्यात घट्ट करतात. त्यावर अंश सेल्सिअसचे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९२ आणि ८७. पहिल्या तापमानाला तो जुळतो, दुसऱ्याला सुटतो. या दोन आकड्यांची निवड हा साऱ्या कामातला सर्वांत जास्त चुकणारा भाग आहे. इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, ८२ अंशांना उघडू लागत असेल, तर वरच्या होजमधले पाणी गाडी नीट चालू असतानाही ८२ किंवा त्याहून वरच राहणार. तिथे ८२ ला जुळून ७७ ला सुटणारा स्विच बसवला तर पंखा एकदा सुरू झाला की थांबण्याचे नावच घेणार नाही. वरच्या बाजूला म्हणूनच ९२ च्या आसपासचा स्विच हवा. रेडिएटरच्या खालच्या, म्हणजे थंड झालेले पाणी बाहेर पडते त्या बाजूला मात्र तापमान काही अंशांनी कमी असते, त्यामुळे तिथे ८२ चा स्विच योग्य ठरू शकतो. ज्या गाड्यांच्या रेडिएटरचे झाकण दाब धरत नाही, त्यांत पाणी १०० अंशांच्या सुमारास उकळते, तेव्हा ९२ च्या वर जाण्यात शहाणपण नाही. दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणाऱ्या झाकणाने हीच मर्यादा सुमारे ११० पर्यंत जाते.

थर्मोस्विच दोन प्रकारचा मिळतो. एका वायरीच्या स्विचला अर्थ, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीकडे परतण्याची वाट, स्वतःच्या पितळी अंगातून मिळतो, आणि रबराच्या गोट्यांवर बसवलेल्या रेडिएटरला अर्थच नसतो, हे पुष्कळांच्या लक्षात पंखा सुरू न झाल्यावर येते. दोन वायरींच्या स्विचला ही भानगड नाही. तो रस्त्यात निकामी झाला तर त्याच्या वायरींच्या टोकांचे दोन्ही लग काढून एकमेकांना जोडले की चावी चालू असेपर्यंत पंखा फिरत राहतो आणि घर गाठता येते. या एका सोयीसाठीच मी दोन वायरींचा घेईन.

जोडणीत ऋण अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या, गाडीसाठी माझी पसंती अशी: रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर, ८७ ला पंखा, ८६ ला इग्निशनचा प्रवाह, आणि ८५ पासून थर्मोस्विचमार्गे अर्थ. थर्मोस्विच असा अर्थाच्या बाजूला ठेवला की त्याची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तरी पंखा विनाकारण चालू होतो, एवढेच. तोच स्विच ८६ च्या बाजूला असता तर टेकलेल्या वायरीने फ्यूज उडवून पंखा बंद पाडला असता. शिवाय याच जोडणीत डॅशबोर्डखालचा लहान स्विच थर्मोस्विचला समांतर, म्हणजे ८५ आणि अर्थ यांच्यामध्ये जोडता येतो. घाट चढण्याआधी किंवा पुढे वाहतूक तुंबलेली दिसताच पंखा आधीच चालू करता येतो, आणि विसरलो तरी थर्मोस्विच जागा असतो. पहिल्या पर्यायातले जे काही चांगले आहे ते यात आपोआप येते.

बारीक तांब्याच्या नळीचे टोक पाण्यात सोडून, फिरवायच्या बोंडाने तापमान ठरवायचे यांत्रिक नियंत्रकही मिळतात. ठराविक आकड्यात न अडकणे ही त्यांची जमेची बाजू, पण ती नळी बहुधा होजच्या काठाखालून आत घ्यावी लागते आणि तिथे पाणी झिरपत राहते.

तिसरा पर्याय इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचा. याचे गुण खरोखर मोलाचे आहेत. पंखा थांबलेल्या अवस्थेतून सुरू होताना क्षणभर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह ओढतो, तो धक्का चांगला कंट्रोलर हळूहळू वेग वाढवून टाळतो. पाणी थोडेच तापले असेल तर पंखा निम्म्या वेगाने चालवतो, त्यामुळे आवाज कमी आणि विजेचा खर्चही कमी. आणि तापमान बोंड फिरवून ठरवता येते. पण धन अर्थ असलेल्या गाडीत हे कंट्रोलर बहुतेक वेळा चालत नाहीत, तर साधा रिले आणि थर्मोस्विच यांना ध्रुव कोणता याचे काही देणेघेणे नसते. पंखा उलटा फिरला तर त्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की झाले. फक्त रिलेमध्ये डायोड बसवलेला नसावा. जुन्या यांत्रिक रेग्युलेटरच्या व्होल्टेजमधले झटके नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाहीत, आणि आतला भाग जळला तर वाटेत दुरुस्ती नाही. अल्टरनेटर, ऋण अर्थ आणि रोजचा वापर असे तिन्ही असेल तर कंट्रोलर जरूर घ्यावा. एरवी तो जुन्या गाडीला नव्या गाडीची दुखणी देतो.

रिलेच्या कॉइलचा प्रवाह इग्निशनवरून घ्यावा की थेट बॅटरीवरून, यावर मते विभागलेली आहेत. थेट बॅटरीवरून घेतल्यास चावी काढल्यावरही पंखा काही वेळ चालतो. याचा उपयोग वाटतो तितका नाही, कारण इंजिन थांबले की पंपही थांबतो. पंखा फक्त रेडिएटरमधले पाणी गार करतो, सिलिंडर हेडमधले तसेच तापलेले राहते. कार्ब्युरेटर मात्र थोडा निवतो, आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होताना पेट्रोलची वाफ अडवत असेल तर तो फायदा नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूला, बॉनेट उघडून आत हात घातलेला असताना पंखा अचानक फिरू लागणे धोक्याचे आहे. मी इग्निशनवरूनच घेईन. मुख्य प्रवाह मात्र इग्निशनच्या परिपथातून रिलेशिवाय कधीही घेऊ नये: चावी बंद केल्यावर वाऱ्याने किंवा गतीने फिरत राहिलेला पंखा जनित्रासारखा वागतो आणि ती वीज उलटी इग्निशन कॉइलकडे जाऊन इंजिन क्षणभर चालूच राहू शकते.

दहा-बारा अँपिअरच्या पंख्याला ३ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. जाण्यायेण्याची लांबी मिळून ४ मीटर धरली तर १२ अँपिअरला तीत सुमारे पाव व्होल्ट खर्च होतो. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तोच आकडा ०.८ व्होल्टवर जातो आणि पंख्याचा जोर घटतो. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, आणि तो २० अँपिअरचा, चपट्या पात्यांचा (ब्लेड) असावा. जुन्या ब्रिटिश गाड्यांतल्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेले असले तरी तो आकडा उडण्याचा आहे. सतत वाहू देण्याची त्यांची क्षमता त्याच्या निम्मीच असते, हे बदल करताना ध्यानात ठेवावे.

गाडीत अँमीटर, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह दाखवणारे मापक, असेल तर मुख्य वायर कोठून घेतली यावर त्याचे बोलणे अवलंबून असते. बॅटरीच्या किंवा स्टार्टर सोलेनॉइडच्या टोकावरून घेतली तर इंजिन चालू असताना पंख्याकडे जाणारा प्रवाह डायनॅमोकडून अँमीटरमार्गे येतो आणि काटा बॅटरी चार्ज होत असल्याचे दाखवतो, मग बॅटरीला त्यातले काही मिळत नसले तरी. अँमीटरच्या पलीकडून, कंट्रोल बॉक्सच्या (रेग्युलेटरच्या डबीच्या) बाजूने घेतली तर काटा खरे सांगतो, पण मग मधली जुनी वायर आणि अँमीटर हा जादा भार पेलतील याची खात्री आधी करावी लागते.

सर्व जोडून झाल्यावर पंखा चालू असताना बॅटरीच्या टोकांवरचे आणि पंख्याच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर वायर बदलण्याआधी पंख्याचा अर्थ खरवडून, उघड्या पत्र्यावर नव्याने आवळून पाहावा.