जर्मनीचं कुर्त्सआर्बाइट की डेन्मार्कची फ्लेक्सिक्युरिटी?
मंदी आली की जर्मनी म्हणतं माणूस काढू नका, तास कमी करा (हेच कुर्त्सआर्बाइट, म्हणजे कमी तासांचं काम), आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे 60 टक्के (मुलं असतील तर 67) बेरोजगारी विम्याच्या फंडातून मिळतात, एप्रिल 2020 मध्ये तर जवळपास 60 लाख लोक यावर होते. तात्पुरत्या झटक्याला हे भारीच, नोकरी शाबूत राहते. पण धंदाच कायमचा बसला असेल तर नुसतं मरण लांबवणं.

अशा वेळी मला डेन्मार्कची फ्लेक्सिक्युरिटी, म्हणजे लवचिक नोकरी अधिक सुरक्षा, बरी वाटते. काढणं सोपं, पण बेरोजगारी विमा फंडाचे मेंबर असाल तर जुन्या पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत भत्ता, 2 वर्षं. अर्थात वर मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या पगारवाल्यांच्या हातात बरंच कमी पडतं, शिवाय काम शोधतोय हे सारखं दाखवत राहायचं.