व्हीलचेअरच्या बैठकीची उंची: आईचा अकरा महिन्यांचा अनुभव

पक्षाघाताने आईची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा आम्ही घाईघाईत दुकानात सर्रास मिळणारी घडीची व्हीलचेअर आणली. मागे २४ इंचांची चाके, पुढे ८ इंचांची, रुंदी पुरेशी. खुर्ची मजबूत होती, पण बैठकीची उंची पाहायची असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

एक बाजू लुळी असलेली व्यक्ती चांगला हात चाकावर आणि त्याच बाजूचा पाय जमिनीवर रेटून खुर्ची चालवते. आमच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून २० इंच, वर दोन इंचांची गादी, आणि आईची उंची पाच फूट दोन इंच. टाच टेकावी म्हणून ती पुढे घसरून बसायची, त्याने कंबर भरून यायची, आणि नुसता उजवा हात चालल्यामुळे खुर्ची दरवेळी डावीकडे वळून भिंतीला थडकायची. तीन महिने आम्ही समजत होतो की आईलाच जमत नाही. तिलाही तसेच वाटू लागले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी टेप लावून मापे घेतली आणि गादी धरून १७ इंच भरेल अशी खुर्ची करवून घ्यायला सांगितले. उजवीकडचा पाय ठेवायचा भाग काढून ठेवला की पाऊल मोकळे होते. पंधरा दिवसांत आई स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत एकटी जाऊ लागली. डावा ब्रेक उजव्या हाताने ओढता यावा म्हणून त्याच्या दांड्यावर प्लास्टिकच्या पाइपचा वीतभर तुकडा बसवला आहे. डावा हात चाकाच्या तारांत जाऊ नये म्हणून तो मांडीवरच्या उशीवर ठेवावा लागतो.

पुढच्या चाकांत केस आणि धागे गुंडाळले जातात. ते दर रविवारी चिमट्याने काढते, नाहीतर खुर्ची एका बाजूला ओढते. ओसरीचा उंबरठा तीन इंच उंच आहे. एकास बारा या उताराच्या हिशेबाने सुताराकडून तीन फुटांची फळी करून घेतली, तेव्हा कुठे तो अडथळा गेला.

बाथरूमचे दार २४ इंचांचे आणि खुर्ची २५. तिथे अजूनही दोघांनी धरून आईला आत न्यावे लागते. दिवाळीनंतर ती चौकट काढायची आहे.