फियाटच्या पार्टच्या नावाखाली 81,240 रुपये गेले, तो फोटो ओळखून ठेवा

81,240 रुपये. आकडा आधी सांगते, कारण पोलिसांपासून नातेवाइकांपर्यंत प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला, आणि उत्तर ऐकल्यावर प्रत्येकाचा चेहरा एकसारखाच झाला. "एवढे?" हो, एवढे. चार हप्त्यांत. 18,500, मग 41,000, मग 9,440, मग 12,300. आणि यातले सगळे माझे नव्हते, ही गोष्ट मला जास्त जाळते. घरच्यांनी जुनी गाडी दुरुस्त करायला वर्गणी काढून माझ्याकडे ठेवायला दिलेले पैसे होते ते. दादाचे 30,000, काकांनी पेन्शनमधून दिलेले 20,000, आत्याचे 11,000 आणि माझे 35,000, असे एकूण 96,000 जमले होते. मी पतसंस्थेत कॅशियर होते म्हणून हिशेब माझ्याकडे.

गाडी अण्णांची, 1974 ची प्रीमिअर पद्मिनी. आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणतात. अण्णा गेल्यापासून ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. काकांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं तेव्हा दादाच्या मनात आलं की त्या दिवशी काकांना याच गाडीतून देवळात न्यायचं. मग सातारा, पुणे, सांगलीहून भावंडं सुट्टीच्या दिवशी जमायला लागली आणि शेडमध्ये काम सुरू झालं.

गाडीची अवस्था काय होती ते सांगते, म्हणजे आम्ही पार्टच्या मागे का लागलो ते कळेल. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खालची शहाबादी फरशी दिसली. दाराच्या खालच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला. मडगार्डावर बोटाने ठोकलं की बद्द आवाज यायचा आणि लोहचुंबक चिकटायचा नाही. पूर्वी कुठल्यातरी गॅरेजवाल्याने गंजावर लांबी (पुट्टी) थापून वरून रंग मारलेला होता. ती सगळी लांबी मामेभावाने खरवडून काढली, खाली पत्र्याची चाळण निघाली. पत्राकाम आणि वेल्डिंग गावातल्याच कारागिराने शेडमध्ये येऊन केलं, त्याचे पैसे दादाने वेगळे दिले. इंजिन उतरवून कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. तिथल्या माणसाने बोअर करून, क्रँक घासून, ठरल्या पैशात, ठरल्या वेळी परत दिलं. त्यामुळे या धंद्यातले सगळेच चोर असं मी म्हणत नाही.

अडलं ते डॅशबोर्डपाशी. काचेच्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून डॅशबोर्डचा पत्रा कडेने पार खाल्ला होता. तो नवीन मिळत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी निघायच्या त्या 2000 च्या आसपास बंद झाल्या. त्यानंतरही मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर मेकॅनिक होते, दुकानं होती, भंगारात निघालेल्या टॅक्सीचे पार्ट मिळायचे. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदवलेली, ती 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली. आता जुन्या फियाटचा हौशी मालक चांगल्या पत्र्यासाठी वणवण फिरतो, आणि या चोरांना ते पक्कं माहीत आहे. ते नेमके अशा ठिकाणी उभे राहतात जिथे वस्तू दुर्मीळ आहे, गरज भावनेची आहे आणि वेळ कमी आहे.

जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मामेभावाने "डॅशबोर्डचा पत्रा हवा" असा मेसेज टाकला. तासाभरात एकाचा थेट फोन. (ग्रुपवर उघड उत्तर न देता खाजगीत फोन करणाऱ्यापासून लांब राहा. उघड लिहिलं की जाणकार दहा प्रश्न विचारतात, ते त्यांना परवडत नाही.) म्हणाला, कुर्ल्याला गोडाऊन आहे, बंद पडलेल्या एका डीलरचा सगळा न वापरलेला माल उचललाय. मीटरसकट पूर्ण डॅशबोर्ड, गंज नसलेल्या बॉडीतून कापून काढलेला. शिवाय पुढचा-मागचा बंपर, जाळी, दोन मडगार्ड, दारांची रबरं. सगळ्या लॉटचे 59,500.

बोलणं अगदी माहितगाराचं. हँड गिअरच्या रॉडचे बुश कुठे झिजतात, बॅटरीखालचा पत्रा का सडतो, सगळं तोंडपाठ. वरून म्हणाला, "तुमची गाडी 50 वर्षांची झाली ना? मग व्हिंटेज नोंदणी करा, पण पार्ट ओरिजिनल नसले तर कमिटी पास करत नाही." आणि 50 वर्षांवरील गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्राने खरोखरच नियम केले आहेत. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे, गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. मी ते तपासलं होतं आणि ते खरं निघालं. पाच गोष्टी खऱ्या सांगितल्या की सहावी माणूस तपासत नाही. यात भोळेपणा कुठे आला? बाजारात रोजचे व्यवहार असेच तर होतात.

18,500 ॲडव्हान्स पाठवला. पाठवताना ॲपवर नाव वेगळंच दिसलं. विचारलं तर म्हणाला, "पुतण्याचं खातं आहे, माझ्या खात्याचं केवायसी अडकलंय." ज्याच्याशी सौदा त्याच्याच नावाचं खातं पाहिजे. पुतण्या, मेहुणा, अकाउंटंट, कुणाचंही नाव सांगितलं तरी फोन ठेवून द्या.

आता तो फोटो. ॲडव्हान्स मिळाल्यावर त्याने मालाचे फोटो पाठवले. डॅशबोर्ड सुरेख होता. फिकट हिरवट रंग, कुठे ओरखडा नाही, मीटरची काच लख्ख. आम्ही सगळे शेडमध्ये मोबाईलभोवती जमलो. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अगं, मीटर डावीकडं कसं? स्टिअरिंगचं भोकही डावीकडंच आहे."

ऐंशी वर्षांच्या माणसाने एका नजरेत ओळखलं. ज्याने चाळीस वर्षं ही गाडी चालवली त्याला ते खटकलं. मी त्या माणसाला लगेच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, पोराने सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय, फोटो उलटा येतो." आणि ते आम्हाला पटलं. भाचा म्हणाला, हो, सेल्फीत उलटं येतं. दादा म्हणाला, येत असेल. काका गप्प बसले.

फोटो उलटा असता तर मीटरवरचे आकडेही उलटे दिसले असते. ते सरळ होते. 20, 40, 60, 80, एकेक आकडा नीट वाचता येत होता. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते ते, आणि त्याच संध्याकाळी 41,000 गेले. हा फोटो इटलीतल्या एखाद्या गाडीचा असणार. आपली पद्मिनी ज्या फियाट 1100 वरून बनली ती मूळची तिथली, तिथे स्टिअरिंग डावीकडे, बाकी डॅशबोर्ड आपल्यासारखाच. रात्री झोपताना ते आकडे अजून दिसतात मला. पण हेही सांगते की कार्यक्रम तोंडावर आला होता, गाडी उघडी पडली होती, रंगारी ताटकळला होता. त्या घाईत समोरून तयार उत्तर आलं की माणूस ते धरतो. बाहेरून शहाणपण शिकवणाऱ्यांनी त्या शेडमध्ये उभं राहून बघावं.

त्यानंतरचे दोन हप्ते तर सरळ सरळ लूट. माल ट्रान्सपोर्टला दिलाय, पण ई-वे बिलाचं (माल वाहतुकीसाठी ऑनलाईन काढायच्या सरकारी कागदाचं) डिपॉझिट भरावं लागेल, 8,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,440. माल पोचला की परत मिळेल. सोबत छापील बिल, शिक्का, सही, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती). मग ट्रान्झिट इन्शुरन्स 12,300, तोही "रिफंडेबल". 59,500 आधीच अडकले होते, ते सुटावेत म्हणून हे भरले. त्यानंतर "टोलनाक्यावर गाडी पकडली, 22,000 दंड" असा फोन आला तेव्हा दादाने फोन माझ्या हातातून घेतला, आणि त्या क्षणापासून तो नंबर बंद आहे.

वहिनी एका सीएच्या ऑफिसात काम करते. ती तेव्हा माहेरी होती. आल्यावर तिने ते बिल हातात घेतलं आणि मिनिटभरात बाजूला ठेवलं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27. कुर्ल्याच्या दुकानाच्या या बिलावर 09 होते, ते उत्तर प्रदेशचे. जीएसटीच्या वेबसाईटवर कुणाचाही नंबर टाकून मालकाचं नाव आणि पत्ता फुकट बघता येतो, पाठवण्याआधी बघा. ई-वे बिलाला कसलंही डिपॉझिट नसतं, ते ऑनलाईन मोफत निघतं. आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ते सर्वसाधारणपणे लागतच नाही. आमचा माल होता 59,500 चा. म्हणजे जे कागद लागतच नव्हते त्याचेही पैसे आम्ही भरले.

आता यंत्रणेबद्दल. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतली, पोचक्रमांक मिळाला, तेवढं झालं. पण तोवर पैसे तिसऱ्या खात्यात जाऊन काढून झाले होते. गोठवले गेले 2,316 रुपये. ते परत मिळवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. 2,316 रुपयांसाठी वकील लावायचा!

बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय." ग्राहकाला संरक्षण देणारा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम त्याच्यापुढे ठेवला, तर म्हणे तो ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. बरं, मग ज्या खात्यात एका दुपारी अनोळखी लोकांचे पैसे येतात आणि लगेच निघतात, ते खातं उघडून देणाऱ्या बँकेला कोण विचारणार? ते केवायसी कुणी केलं? माझ्या आईला पेन्शनसाठी दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो आणि या चोरांना खाती मिळतात. लेखी तक्रार दिली, उत्तरात एक छापील परिच्छेद आला. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे केलेली तक्रार अजून चालू आहे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "ताई, न बघता एवढे पैसे पाठवलेतच कशाला?" जणू गुन्हा मी केलाय. मग म्हणाले, हा खरेदी-विक्रीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. मग म्हणाले, खातं परराज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही. मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच नोंदवा. पुन्हा ठाण्यात. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास किमान निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि साहेब बंदोबस्तावर. काका काठी टेकत बाकावर बसून राहिले, त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि कायदा काय म्हणतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायचीच आहे. हे कलम छापून नेलं तर हवालदार म्हणाले, "आम्हाला कायदा शिकवू नका." शेवटी अर्ज घेतला, एफआयआर नाही. नुसत्या अर्जावर समाधान मानून घरी येऊ नका. नोंद नाकारली तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवता येते, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी स्पीड पोस्टाने पाठवली आहे. पोच जपून ठेवली आहे. तुम्हीही चॅट, ऑडिओ, व्यवहाराचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक) काही म्हणता काही डिलीट करू नका. रागाच्या भरात मामेभावाने त्याला ब्लॉक करून चॅट पुसलं, ते आता आम्हाला नडतंय.

घरात मला कुणी शब्दाने बोललं नाही. आत्या म्हणाली, जाऊ दे. पण आता कुठलाही खर्च निघाला की दादा स्वतः पैसे देतो, माझ्याकडे मागत नाही, आणि ते मला कळतं. उरलेले 14,760 मी वहिनीच्या हातात दिले. डॅशबोर्डचं म्हणाल तर त्याच गावातल्या वेल्डरने सडलेली कड कापून नवा पत्रा ठोकून बसवून दिला. मजुरी घेतली 3,200. हे आधी सुचवलं असतं तर, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला ओरिजिनलच पाहिजे होतं की."

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर नाशिककडच्या एकांनी आपल्याला आलेले मालाचे फोटो टाकून "घेऊ का?" असं विचारलं होतं. तोच फिकट हिरवट डॅशबोर्ड, तेच डावीकडचं मीटर, नंबर नवीन, लॉटचा भाव आता 64,000. मी त्यांना लगेच फोन केला. त्यांनी ॲडव्हान्स आदल्या रात्रीच पाठवला होता, पुढचे पैसे थांबवले आणि 1930 ला कळवलं. तो फोटो तुमच्याकडे आला तर नंबर, खात्यावर दिसलेलं नाव आणि बिलाचा स्क्रीनशॉट मला पाठवा. माझ्या अर्जाला जोडायचे आहेत.