पागडीची खोली की लिव्ह अँड लायसन्स? मालकाला कधी विचारायचं

मावसभाऊ गिरगावातली पागडी (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यात दीर्घकाळ भाडेकरू राहायचं) घ्यायची की लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या वापराच्या करारावर) फ्लॅट, यात अडकलाय. त्याला स्वयंपाकाचा ओटा मोडून उभा करायचाय, एसी लावायचाय.

पागडीत तू भाडेकरू, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम १६ म्हणतं की मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलंस तर घर खाली करावं लागू शकतं, पण लाकडी पार्टिशन, उभा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी हे त्यात धरतच नाहीत, पालिकेची परवानगी लागत असेल तर ती मात्र घे. तोंडी "कर रे" ला किंमत शून्य! पोटभाडेकरू ठेवतानाही तेच.

लायसन्समध्ये ही सूट नाही, करारात लिहिलंय तेवढंच, खिळासुद्धा विचारून. मुदत संपूनही राहिलास तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या लायसन्स फीच्या दुप्पट पैसे.

वर्षा-दोन वर्षांसाठी लायसन्स बरं. वीस वर्षं राहून ओटा स्वतःच्या उंचीचा हवा असेल तर पागडी.