पसंतीचा नंबर घेऊन वर्ष होत आलं: पैसे वसूल झाले का?

दिवाळीच्या तोंडावर गाडी घेतली, बोरिवली आरटीओची, म्हणजे एमएच ४७. नंबर पसंतीचा घेतला. तेव्हापासून ओळखीतलं कुणीही गाडी बुक करायला निघालं की मला फोन येतो, "नंबरला पैसे घालू का रे?" आता पावसाळाही सरला, नंबरापायी बरे-वाईट अनुभव घेऊन झाले, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

माझा नंबर कोणता ते इथे सांगत नाही. का नाही ते पुढे येईलच. एकच जोडी दोनदा येते, एवढं पुरे. सरकारी दरपत्रकात तो सगळ्यात खालच्या गटात बसतो, २५ हजारांच्या. हाच गट आधी १५ हजारांचा होता. २०१३ पासून चालत आलेले दर ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने वाढले. चारचाकीसाठी ०००१ हवा असेल तर मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या शहरांत पूर्वी ४ लाख पडायचे, आता ६ लाख. आणि तो चालू सिरीजमध्ये, म्हणजे एमएच ४७ नंतरच्या सध्याच्या अक्षरांत, शिल्लक नसेल, दुसऱ्या सिरीजमधून ओढून आणायचा असेल तर तिप्पट, म्हणजे १८ लाख. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ हे दीड लाखावरून अडीच लाखांवर गेले. त्याखाली १ लाख आणि ७० हजारांचे गट आहेत. १८ लाखांत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या कुठल्याही दोन गाड्या येतील, तेव्हा त्या उंचीवरचं मला विचारू नका. मी बोलतोय ते २५ हजारांबद्दल.

एवढे पैसे भरून हातात काय येतं, तर फक्त चार आकडे. एमएच ४७ आरटीओवरून ठरतं, पुढची अक्षरं चालू सिरीज ठरवते. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो, त्याला हे ऐकून हसू आलं. तिथे डीव्हीएलए हे सरकारी खातं १९८९ पासून असे नंबर विकतं. लोक आपल्या नावाशी जुळणारी अक्षरं शोधून घेतात, गाडी बदलली की ८० पौंड भरून तोच नंबर नव्या गाडीवर चढवतात, कंटाळा आला की विकून टाकतात. अट एवढीच की नंबरामुळे गाडी आहे त्याहून नवी भासता कामा नये. २०१४ मध्ये तिथे "२५ ओ" हा नंबर ५ लाख पौंडांच्या वर गेला होता. दुबईत "पी ७" एप्रिल २०२३ मध्ये साडेपाच कोटी दिरहमला गेला. लांब कशाला, केरळात एप्रिल २०२५ मध्ये एका ०००७ साठी ४६ लाखांहून जास्त मोजले गेले. पण इंग्लंडमधला नंबर माणसाचा असतो, आपला गाडीचा. गाडी विकली की साधारणपणे नंबरही तिच्याबरोबर चालता होतो. त्यामुळे "इन्व्हेस्टमेंट आहे" असं कुणी सांगितलं तर चहा पाजा आणि विषय बदला.

आता रोजच्या वापराचं. सगळ्यात मोठा फायदा झाला तो माझ्या आईला. तिची पंचाहत्तरी उलटली आहे. आधीच्या गाडीचा नंबर तिला कधी पाठ झाला नाही, आणि पांढरी गाडी म्हणावी तर मुंबईत दर तिसरी गाडी पांढरी. सिद्धिविनायकाहून बाहेर पडली की रस्त्याच्या कडेला उभी राहून फोन करायची, "अरे, यातली आपली कुठली?" एकदा तर दुसऱ्याच्याच गाडीचं दार ओढत होती आणि आतले गृहस्थ घाबरून काच वर करत होते. आता लांबून नंबर वाचते आणि सरळ चालत येते. एवढ्या एका गोष्टीसाठी निम्मे पैसे वसूल धरतो.

बाकीचेही फायदे आहेत, पण बारीकसारीक. पीयूसीवाला, फास्टॅगची कस्टमर केअर, मॉलच्या तळघरातलं पार्किंगचं मशीन, विम्याचं नूतनीकरण, जिथे तिथे नंबर विचारतात आणि घरातला कुणीही तो झोपेतही सांगतो. पार्ल्याला एका लग्नात व्हॅलेटची चिठ्ठी माझ्याकडून कुठेतरी पडली. पोराला नुसते आकडे सांगितले, तर म्हणाला, "हां, ती ना? आणतो काका." बाकी मंडळी पावत्या चाचपत उभी होती.

रुबाब वगैरे म्हणाल तर तो एका नाकाबंदीपुरता टिकला. दहिसरला रात्री हवालदारांनी टॉर्च आधी पाटीवर मारला, मग माझ्या तोंडावर. "कुणाची गाडी?" म्हटलं, माझीच. "मागे साहेब कोण बसलेत?" म्हटलं, साहेब नाहीत, आई आहे. त्यांनी वाकून पाहिलं, आईने त्यांना नमस्कार केला. "मग लायसन्स दाखवा." सगळी कागदपत्रं नीट पाहिली, यंत्रात फुंकायलाही लावलं. नंबर बघून सोडतात हा समज ज्यांचा असेल त्यांनी २५ हजार वाचवावेत.

आता दुसरी बाजू. लक्षात राहणारा नंबर सगळ्यांच्याच लक्षात राहतो. पार्ल्याच्याच लग्नाचं घ्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या काकूंचा फोन: "गाडी पाहिली हो तुमची काल हनुमान रोडला. आमच्या दारावरून गेलात, वर यावंसं काही वाटलं नाही!" पूर्वी हे कळायला मार्ग नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी वाकड्या लावलेल्या गाडीचा फोटो टाकला, तर बाकीच्यांचा नंबर झूम करून बघावा लागतो, आमचा मजल्यासकट ओळखला जातो. लिंक रोडला कुणाशी आरसा घासला, शब्दाला शब्द लागला, की समोरचा नंबर लिहून घ्यायची तसदीही घेत नाही. मी तरी गाडी जास्त सांभाळून चालवायला लागलोय. हा फायदा की तोटा ते बायकोला विचारा.

याहून गंभीर धोका नकली पाटीचा. जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्याला ताजच्या समोर एकाच नंबरच्या दोन गाड्या उभ्या सापडल्या होत्या, आठवत असेल. कर्जाच्या वसुलीवाल्यांना चुकवायला एकाने आपल्या पाटीवरचा एक आकडा बदलला होता आणि तो नेमका दुसऱ्याच्या गाडीचा निघाला. मूळ मालकाच्या नावावर भलत्याच ठिकाणची चलानं येत होती. हे साध्या नंबरालाही होतं. पण माझा नंबर चारचौघांत फिरलेला असल्यामुळे मी ई-चलान अधूनमधून तपासतो, आणि गाडीचा फोटो कुठे टाकायचा झाला तर पाटी झाकतो. इथे नंबर लिहिला नाही तो याचसाठी.

पाटीवर कलाकारी करायची हौस असेल तर ती आता विसरा. आकड्यांना शेपट्या-मात्रा लावून ४१४१ चं "दादा", २१४ चं "राम", ८०५५ चं "बॉस" करायचे दिवस होते. माझ्या पुतण्याला अजून तेच हवंय. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी पाटीच येते. जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली तेव्हा चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी असा दर होता. ॲल्युमिनियमची पाटी, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचं होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात आयएनडी, लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक. स्क्रूच्या जागी असं लॉक असतं की काढायला गेलात तर तुटतं. अक्षरांचं वळण सगळ्यांना एकच. तुमचा ६ लाखांचा ०००१ आणि शेजाऱ्याचा फुकटातला नंबर, दोन्ही त्याच ठशात. मला स्वतःला हे आवडलं. ज्यांना "दादा" दिसायला हवा होता त्यांच्या दृष्टीने मात्र निम्मी मजा गेली.

बेरीज नऊ येते म्हणून नंबर घेणारे बरेच भेटतात. त्यांना एवढंच सांगतो की बेरीज नऊ येणारे नंबर शेकड्यांनी आहेत, सरकारी दरपत्रकाबाहेरचा एखादा बघा, स्वस्तात काम होईल.

पैशांचं आणखी एक, जे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. विम्यात गाडीची जी किंमत धरतात, ती कंपनीच्या विक्री किमतीवरून घसारा वजा करून. त्यात नंबराचे पैसे कुठेच नसतात. गाडी चोरीला गेली किंवा पुरती निकामी झाली तर ते २५ हजार गेले. जुन्या गाड्यांच्या एका दलालाला सहज दाखवली, तर त्याने टायर, सर्व्हिसचे कागद, पत्र्यावरचे ओरखडे पाहिले. नंबराबद्दल "छान आहे" म्हणाला आणि भाव एक रुपयाने वाढवला नाही.

तर माझं मत असं: गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल, घरात चारजण ती वापरत असतील, तर २५ हजारांचा नंबर घ्या, दर वर्षाला तीन-साडेतीन हजार पडतात आणि रोज उपयोग होतो. ७० हजारांच्या गटापासून पुढे निव्वळ हौस. हौसेला मोल नाही हे खरं, पण मग वापराचं कारण पुढे करू नये. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्यांनी तर या फंदात पडूच नये.

घ्यायचाच ठरला तर शोरूमवर सोपवू नका. मला तिथल्या माणसाने सरकारी शुल्कावर सात हजार मागितले, "आत सेटिंग लागतं" म्हणून. काहीएक लागत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून हे काम ऑनलाइन आहे, आधारला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवायचा आणि ओटीपी टाकायचा. एकाच नंबरावर दोघांनी हक्क सांगितला तर लिलाव होतो, जास्त बोलेल त्याला नंबर. माझ्या वाट्याला सुदैवाने ते आलं नाही. २०२४ च्या बदलांनुसार नंबर नवरा-बायको किंवा मुलामुलीच्या नावावर करता येतो, तेव्हा गाडी कुणाच्या नावावर घ्यायची याचा घोळ घरात आधी मिटला नसला तरी चालेल. डिलिव्हरी मात्र चार-सहा दिवस पुढे जाते, मुहूर्त काढला असेल तर आधीच हाताशी वेळ ठेवा. आणि बुकिंगच्याच दिवशी शोरूमला लेखी कळवा की नंबर पसंतीचा आहे, मी नंबराची पावती देईपर्यंत टॅक्स भरायचा नाही. त्यांनी घाईघाईने टॅक्स भरला की सिस्टीम आपोआप पुढचा नंबर देऊन मोकळी होते, मग कितीही भांडलात तरी तोच लावून फिरायचं.